साडेतीन घनमीटर हवा : जीपचा टब उद्यमनगरातून मेलबर्नला

अण्णांनी फोनवर "पोच करून देतो" म्हणून टाकलं होतं. मला ते कळलं दुसऱ्या दिवशी, ॲडव्हान्स कुठल्या खात्यात घ्यायचा म्हणून ते विचारायला आले तेव्हा. गिऱ्हाईक मेलबर्नचं, मूळचं जयसिंगपूरचं. माल म्हणजे जीपचा टब, दोन मडगार्ड, बॉनेट आणि मागचा फाळका. पोच म्हणजे मेलबर्नच्या त्याच्या दारात, आणि तीसुद्धा ठरलेल्या किमतीत धरून.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, जीपच्या बॉड्या करणाऱ्या अण्णांच्या आणि गल्लीतल्या आणखी दोन वर्कशॉपचे हिशेब बघते. जीएसटी, बँक, पगार. निर्यातीशी माझा संबंध तोवर एवढाच, की पलीकडच्या मशीनशॉपची कास्टिंग जर्मनीला जायची आणि त्यांचे कागद करणारा मुलगा चहाला आमच्याकडं यायचा. पुढं जे शिकले ते या एका टबामुळं. कुणी विचारलं की प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसावं लागतं, म्हणून सगळं एकदाच लिहून काढते आहे.

टब म्हणजे जीपची पत्र्याची बॉडी, चाकं-इंजिन-चासी सोडून जे उरतं ते. गाडी सीजे-थ्रीबी. अमेरिकेत विलीसनं १९५३ साली काढलेलं मॉडेल. एफ-हेड इंजिन उंच असल्यामुळं बॉनेट वर उचललेलं, त्यावरून लांबूनच ओळखू येतं. तिकडं ते १९६८ला बंद पडलं. आपल्याकडं महिंद्रानं परवान्यावर त्यानंतरही बरीच वर्षं चालवलं. त्यामुळं झालंय असं, की जगात कुठंही कुणी जुनी थ्रीबी उभी करायला घेतली आणि तिचा पत्रा सडलेला निघाला, की तो फिरून फिरून भारतात विचारायला येतो. अण्णांच्या हातात ती बॉडी बसलेली आहे. १८ गेजचा पत्रा, जुन्या चासीवर मांडून केलेली जुळणी, आणि चार दशकांची सवय. माल कुणी नाकारील अशी भीती नव्हती. भीती वाटेची होती.

"जहाज जातंयच की रोज. त्यात एक टब टाकायला काय लागतंय?" अण्णांचं म्हणणं. "सगळा पत्रा मिळून दीडशे किलो न्हाई."

आम्ही टेप घेऊन बसलो. टब, त्याच्या पोटात मडगार्ड, बॉनेट आणि फाळका, भोवती लाकडी पेटी. बाहेरून माप आलं २५० बाय १५५ बाय ९० सेंटिमीटर. गुणाकार केला तर जवळजवळ साडेतीन घनमीटर. पेटीसकट वजन १८० किलो.

आता कुरिअरवाले लांबी, रुंदी आणि उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार करून त्याला ५००० नं भागतात, आणि येईल तो आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्याचंच भाडं लावतात. आमच्या पेटीचं वजन त्या हिशेबानं ६९७ किलो झालं. विमानाच्या कार्गोत भागाकार ६००० नं होतो, तिथं ५८१. म्हणजे १८० किलोच्या पेटीवर चारशे-पाचशे किलोचं भाडं फुकटचं. कुरिअरचा आकडा मालाच्या किमतीच्या पाचपट आला, एअर कार्गोचा दुपटीच्या वर.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे हवंचं भाडं द्यायचं व्हय, म्याडम?"

या प्रकरणात इतकं नेमकं बोलणं पुढं कुणाचंच झालं नाही.

पोस्टाचा विचार एका मिनिटात संपला, एवढी पेटी त्यांच्या मापात बसत नाही. कुणीतरी गोवा सुचवलं. कोल्हापूरहून मुरगाव बंदर न्हावाशेव्यापेक्षा पुष्कळ जवळ, घाट उतरलं की आलंच. पण जवळचं बंदर म्हणजे स्वस्त बंदर नव्हे. आपल्या एकट्याच्या मालानं डबा, म्हणजे कंटेनर, भरत नसेल तर दहा जणांचा सुटा माल गोळा करून एक कंटेनर भरणारा कुणी लागतो. मेलबर्नसाठी तसा डबा भरणारा आम्हाला तिथं मिळाला नाही. न्हावाशेव्याला मिळाला.

त्याआधी एक कल्पना मात्र मनापासून करून पाहिली, आणि ती वाया गेली तरी इथं लिहिते, कारण कोल्हापुरात ती प्रत्येकाच्या डोक्यात येणार आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्रींमधून कास्टिंगचे डबे रोज बंदराला जातात. लोखंड जड. वीस फुटी डब्यात आतली जागा साधारण ३३ घनमीटर, पण बिडाच्या कास्टिंगनं वजनाची मर्यादा गाठली की डबा अजून निम्मा रिकामा असतो. वर नुसती हवा. आमचा माल हलका आणि फुगीर, त्यांचा जड आणि आटोपशीर. एकमेकांसाठीच जन्मलेले.

एका फौंड्रीच्या डिस्पॅचमधल्या साहेबांनी ऐकून घेतलं, हसले नाहीत, आणि कागदावर काढून दाखवलं. डबा त्यांच्या आवारात भरून त्यांच्याच इलेक्ट्रॉनिक सीलनं बंद होतो. आत काय आहे याची जबाबदारी त्यांची. पलीकडं डबा उघडणार त्यांचं गिऱ्हाईक. त्यानं आपल्या गोदामात आमची पेटी वेगळी का काढावी, तिचं कस्टम कुणी करावं, त्यातला एक कागद चुकला तर वीस टन कास्टिंग अडकून पडणार ते कुणाच्या गळ्यात? त्यातून त्यांचे डबे जात होते युरोपला. साहेब म्हणाले, "जागा आहे हो, पण ती विकायची नाही." पटलं.

म्हणून उरला सुटा समुद्री माल, ज्याला धंद्यात एलसीएल म्हणतात. तिथं हिशेब असा: एक घनमीटर किंवा एक टन, यातलं जे जास्त भरेल त्यावर भाडं, आणि बहुतेक ठिकाणी कमीत कमी एक घनमीटर धरायचाच. फुगीर मालाला यातल्या त्यात हाच दयाळू. साडेतीन घनमीटरचे साडेतीन टन लागले तरी समुद्राचा दर मुळात कमी.

किती कमी? पहिल्या फॉरवर्डरनं, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या एजंटानं, दिलेला घनमीटरचा दर इतका खाली होता की मला टायपिंगची चूक वाटली. फोन केला तर म्हणाला, बरोबर आहे मॅडम, आज कन्फर्म करा. पलीकडच्या मुलाला चहाच्या वेळी तो कागद दाखवला. त्यानं बोट ठेवलं ते शेवटच्या ओळीवर: डेस्टिनेशन चार्जेस ॲज ॲप्लिकेबल. "ताई, इथं ते फुकट न्यायलाही तयार होतील. पैसे तिकडं आहेत."

खेळ असा आहे. भाडं इथं कमी दाखवून माल ओढायचा. पलीकडच्या बंदरावर त्यांचाच भागीदार एजंट बसलेला. डबा फोडायचे पैसे, गोदामाचे, डिलिव्हरी ऑर्डरचे, कागदांचे, सगळे तो माल सोडवायला येणाऱ्याकडून घेतो. माल त्याच्या ताब्यात, रोजचं गोदामभाडं चालू, आता कुठं जाणार? गिऱ्हाईक पैसे भरतं आणि शिव्या आपल्याला घालतं.

मी त्या फॉरवर्डरला पलीकडचे सगळे खर्च आकड्यानिशी लेखी मागितले. दोन दिवस उत्तर नाही, तिसऱ्या दिवशी "मार्केटप्रमाणे" एवढंच. त्याला सोडला. दुसऱ्या दोघांकडून तीच यादी मागितली आणि आमच्या गिऱ्हाइकाला, म्हणजे मेलबर्नच्या दादांना सांगितलं, की तुमच्याकडच्या एखाद्या कस्टम ब्रोकरला ही यादी दाखवा. त्यांनी दाखवली. ज्याचं भाडं तिघांत सगळ्यात जास्त होतं, तो बेरीज केल्यावर सगळ्यात स्वस्त निघाला.

तरीही आकडा दादांना जड जात होता. दर घासून उपयोग नव्हता. घासायची होती ती पेटी.

टब उकलला

टब सुटा करायचा हे सुचलं अण्णांना, आणि खरं सांगायचं तर रागानं सुचलं. "येवढं वेल्डिंग करून हवा पाठवायची, त्यापेक्षा पत्राच पाठवतो." मग स्वतःच थांबले आणि म्हणाले, "पाठवूया की."

पण नुसता कापलेला पत्रा पाठवून भागत नाही. सीजेचा टब जागेवर चौकोनात बसला नाही तर दारातली जागा, काचेची चौकट, बॉनेटची फट, सगळं वाकडं जातं. दादांकडं मिग वेल्डिंग होतं, टब जोडण्याचा जिग, म्हणजे पत्रे मापात धरून ठेवणारा साचा, नव्हता. तेव्हा अण्णांनी काय केलं, तर शेडमधल्या जुन्या चासीवर पूर्ण टब मांडला: पुढचा काऊल (काचेच्या चौकटीखालचा पत्रा), दोन बाजू, पुढची आणि मागची फरशी, चाकांवरचे डबे. सगळं क्लॅम्पनं धरलं, कर्ण मापले, दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत ठोकलं. मग वेल्डिंगच्या जागी दर विताला ६ मिलिमीटरचं भोक, दोन्ही पत्र्यांतून एकदम. प्रत्येक भोकात बोल्ट. प्रत्येक जोडावर दोन्ही बाजूंना नंबर पंचनं एकच आकडा ठोकला: १ ला १, २ ला २. त्यांचा पोऱ्या ठोकताना ६ आणि ९ उलटे करत होता, म्हणून अण्णांनी ९ काढूनच टाकला. ८ नंतर सरळ १०. आणि मग सगळे बोल्ट काढून टब परत उकलला.

पलीकडच्या माणसानं तेच बोल्ट त्याच भोकांत घालायचे, आवळायचे, कर्ण तपासायचे आणि मग टाके मारत एकेक बोल्ट काढायचा. यात दोन दिवसांची मजुरी वाढली. ती आम्ही वेगळी लावली आणि दादांनी कुरकुर न करता दिली, कारण बदल्यात पेटीचं माप झालं २३० बाय १२२ बाय ६२. म्हणजे १.७४ घनमीटर. बरोबर निम्मं.

त्याच सुमाराला दादांच्या ओळखीतला आणखी एक थ्रीबीवाला निघाला. त्यालाही टब हवा. दुसरा संच त्याच पेटीत घातला तर उंची दुप्पट होत नाही: एका काऊलच्या पोटात दुसरा बसतो, बाजूचे पत्रे एकावर एक, मडगार्ड चमच्यांसारखे एकात एक. उंची ६२ची ९८ झाली. दोन संचांचे मिळून २.७५ घनमीटर, एकाचे १.३७. शिवाय डिलिव्हरी ऑर्डर, ब्रोकरची फी, कागदांचा खर्च हे घनमीटरवर नसून खेपेवर असतात. ते सरळ दोघांत वाटले गेले. कागदोपत्री माल एकाच्या नावावर, वाटणी त्यांची त्यांनी करायची.

दुसऱ्या गिऱ्हाइकानं दोन गोष्टी वाढवून मागितल्या होत्या. एक, फाळक्यावर विलीस हे नाव उठवून. ते नको म्हटलं. दुसऱ्याच्या ट्रेडमार्कचा ठसा मारून माल सीमेपार न्यायचा म्हणजे आपण होऊन हात बांधून द्यायचे. महिंद्राच्या रॉक्सर या गाडीवर नुसत्या जीपसारख्या दिसण्यावरून अमेरिकेत २०१८ साली दावा दाखल झाला होता, आपण तर पत्र्याचं वर्कशॉप. फाळका कोराच गेला.

दुसरी मागणी जास्त धोक्याची होती आणि दिसायला अगदी साधी: जुन्या स्टॉकमधले ब्रेक लायनर आणि गॅस्केटचा संच. लक्ष्मीपुरीतल्या एका जुन्या दुकानात खोक्यातले मिळतही होते. ऑस्ट्रेलियात ॲसबेस्टॉसवर ३१ डिसेंबर २००३पासून पूर्ण बंदी आहे. आणणं, विकणं, वापरणं, काहीच नाही. जुन्या लायनरमध्ये आणि गॅस्केटमध्ये ते असण्याची शक्यता दाट, आणि नाही म्हणायचं तर प्रयोगशाळेचा दाखला लागणार. चारशे रुपयांच्या गॅस्केटपायी अख्खी पेटी बंदरात कुजली असती. ते तिकडेच घ्या म्हणून सांगितलं.

पेटी

लाकडाच्या पेटीला आंतरराष्ट्रीय नियम आहे. कच्चं लाकूड असेल तर त्याच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता ३० मिनिटं द्यायची आणि तसा शिक्का लाकडावर मारून घ्यायचा, म्हणजे किडा दुसऱ्या देशात जात नाही. प्लायवूड यातून सुटतं, कारण ते बनतानाच तापून-दाबून निघालेलं असतं. आम्हाला शिक्केवाला पेटीकार शोधायची गरजच पडली नाही. उद्यमनगरात लाकूड महाग आणि अँगल स्वस्त. अण्णांनी लोखंडी अँगलचा सांगाडा जोडला, त्यावर प्लायच्या पाट्या बोल्टनं कसल्या, खाली फोर्कलिफ्टचे दात जातील अशा चौकोनी पाइपच्या दोन पट्ट्या. माथा सपाट ठेवला. यावर दुसरा माल रचू नका असं लिहिलं की भाडं चढतं, त्यापेक्षा वर माणूस नाचला तरी चालेल अशी पेटी बरी.

बोल्ट आधी बाहेरून घातले होते, त्यांची टोकं दोन्ही अंगांना दोन-दोन सेंटिमीटर पुढं. बंदराच्या गोदामात माप घेतात ते सगळ्यात बाहेरच्या टोकापासून. २३०चे २३४ झाले असते आणि पाच शतांश घनमीटर नुसत्या बोल्टांच्या टोकांना गेला असता. अण्णांनी बोल्ट उलटे घातले.

पत्र्याला प्रायमर मारून झाला होता. तरी समुद्रावर डब्यात रात्री घाम सुटतो, छतावरून थेंब पडतात. कास्टिंगवाल्यांकडून गंजरोधक कागद आणि सिलिकाच्या पिशव्या आणल्या, तो त्यांचा रोजचा माल.

ज्या दिवशी पेटी भरायची, त्या दिवशी मी दुपारी गेले तर पोऱ्या मडगार्डांच्या मध्ये भाताचं पिंजर कोंबत होता. व्यवस्थित, हातानं मुठी करून. चुकीचं काही नव्हतं त्याचं. कपबश्यांपासून इंजिनापर्यंत आपल्याकडं सगळं पिंजरातच जातं. पण ऑस्ट्रेलियाला पॅकिंगचं एक घोषणापत्र द्यावं लागतं आणि त्यात पहिलाच प्रश्न असतो, पेंढा, गवत असलं काही आत आहे का. सगळं उपसलं. एकेक काडी. शेवटी अण्णांनी कंप्रेसरचा पाइप आणून हवेनं पेटी झाडली. पिंजराच्या जागी फोमच्या शीट आणि जुन्या ट्यूबचे तुकडे गेले.

कागद

कागदांचं नाव घेतलं की छोटी वर्कशॉप घाबरतात, त्या मानानं ते सोपं गेलं. आयईसी, म्हणजे निर्यातीचा परवाना क्रमांक, ऑनलाइन ५०० रुपयांत निघतो. आता पॅनचाच क्रमांक असतो. बँकेचा एडी कोड, म्हणजे परदेशातले पैसे ज्या शाखेत येणार तिचा क्रमांक, घेऊन तो बंदरावर नोंदवायचा. जीएसटीसाठी एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरली की कर न भरता माल बाहेर पाठवता येतो. यात दहा-बारा दिवस गेले, ते पत्रा कापायला घेतानाच सुरू करायला हवेत, मी ते पेटी तयार झाल्यावर सुरू केले. ही माझी चूक.

एक गाठ मात्र मजेची होती. बॉडीसाठी कस्टमचा कोड ८७०७, सुट्या भागांसाठी ८७०८. आम्ही सुटं करून पाठवतोय, मग कुठला? मी ८७०८ धरला होता. सीएचएनं, म्हणजे कस्टमचं काम करणाऱ्या आमच्या एजंटानं, खोडला. सगळी बॉडी एकाच खेपेत, नुसती उकललेली असेल, तर कस्टमच्या नियमात ती बॉडीच. शिपिंग बिलावर ८७०७ गेला.

ऑस्ट्रेलियाशी आपला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२पासून लागू आहे, त्यामुळं माल इथं बनल्याचं उगम प्रमाणपत्र जोडलं की तिकडच्या सीमाशुल्कात सवलत मिळते. तिकडचा १० टक्के जीएसटी चुकत नाही. तो दादांना पहिल्याच फोनला सांगायला हवा होता. सांगितला चौथ्या फोनला, आणि तो फोन जरा लांबला.

अण्णांचं "पोच करून देतो" आम्ही सरळ मागे घेतलं. नवा करार न्हावाशेव्यापर्यंत आमचं, पुढं त्यांचं. जहाजावर माल चढेपर्यंतची ही पद्धत सगळे एफओबी म्हणून लिहितात. कंटेनरच्या मालाला खरं तर एफसीए शोभतं, कारण आपण माल गोदामात देतो, जहाजावर नाही. पण हे बँकेत सांगायला गेले तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी एफओबी लिहून आले.

घाई होती ती पावसाची. पंचगंगेचं पाणी शिरोलीकडं महामार्गावर आलं की मुंबईची वाट बंद. २०१९चा ऑगस्ट आणि २०२१चा जुलै इथं कुणी विसरलेलं नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात पेटी पार्ट लोडनं निघाली. ट्रकमध्ये पेटीवर गुळाच्या ढेपा रचून नेणार होते, अण्णांनी उभं राहून त्या खाली उतरवून घेतल्या. पेटीवर माणूस नाचला तरी चालेल, पण गुळाचा पाक आत झिरपला तर मेलबर्नचे मुंगळ्यांच्या नावानं पेटी जाळतील, हे त्यांचं म्हणणं.

आमच्या दारापासून दादांच्या दारापर्यंत आठ आठवडे लागले. खर्च शंभर रुपये धरला तर पॅकिंग आणि विम्याचे १२, कोल्हापूर ते जहाज ३४, समुद्राचे १३ आणि मेलबर्नच्या बंदर-गोदाम-एजंटाचे ४१. अख्खा समुद्र तेरा रुपयांत. एका संचामागं पडलेला आकडा पहिल्या, जोडलेल्या टबच्या अंदाजाच्या निम्म्याच्या आत आला. तरी मालाच्या किमतीच्या मानानं तो कमी नव्हता, हेही लिहायला हवं. एखादं मडगार्ड हवं असणाऱ्याला यातलं काहीच परवडणार नाही. एक घनमीटरचं किमान भाडं त्यालाही भरावं लागेल.

दोन उणिवा निघाल्या. आतल्या काऊलचा प्रायमर बाहेरच्या काऊलच्या कडेनं हातभर खरवडला गेला होता, तिथं फोम कमी पडला. आणि दुसऱ्या संचाच्या बोल्टांची पिशवी पेटीत नव्हतीच. ती अण्णांच्या ड्रिल मशीनखाली सापडली, ऑगस्टमध्ये. ६ मिलिमीटरचे बोल्ट मेलबर्नलाही मिळतात म्हणून निभावलं. पेटीच्या अँगलचा दादांनी टब फिरवायचा स्टँड केला. फोटो आलाय, त्यात अण्णांचं वेल्डिंग ओळखू येतं.

गेल्या आठवड्यात त्यांच्याच ओळखीनं तिसरा फोन आला. या गिऱ्हाइकाला वेल्डिंग जमत नाही, टब जोडूनच हवा. मी शेडमध्ये होते. अण्णा "पोच करून" इथवर आले, माझ्याकडं बघितलं, फोनवर हात ठेवला आणि पोऱ्याला म्हणाले, "टेप आण रं."